यादीत नसलेल्या लिनक्सवर व्हर्च्युअलायझेशन सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत एक यादी येते: अमुक डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा तयार संच), तमुक आवृत्ती. आपल्या हातातला सर्व्हर त्या यादीत नसला की जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं इंटेल आणि एएमडी प्रोसेसरचे सर्व्हर डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

यादीत नाव नाही म्हणजे चालणारच नाही का?

तसं नाही. यादीत नाव आहे याचा अर्थ, बनवणाऱ्यांनी त्या डिस्ट्रोच्या त्या आवृत्तीवर सॉफ्टवेअर स्वतः तपासलंय आणि तिथे काही बिघडलं तर ते तुमची तक्रार ऐकून घेतील. नाव नाही याचा अर्थ तपासलेलं नाही, एवढाच. बऱ्याचदा ते चालतं, अगदी पहिल्या फटक्यात चालतं, आणि तिथेच फसगत होते. इन्स्टॉल झालं, गेस्ट (आत चालणारं व्हर्च्युअल मशीन) बूट झाला, आता काम फत्ते असं वाटतं. खरी परीक्षा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पुढच्या अपडेटला असते. सपोर्टेड डिस्ट्रोवर नवा कर्नल आणि व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर यांचं जमतंय की नाही हे आधी दुसरं कुणीतरी पाहिलेलं असतं. यादीबाहेर पाऊल टाकलं की ते तुम्ही पाहायचं. खालची बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीपाशी येतात.

मग नेमकं घोडं अडतं कुठे?

तीन ठिकाणी, आणि त्यातलं पहिलं बाकीच्या दोन्हींपेक्षा कितीतरी मोठं आहे.

पहिलं म्हणजे कर्नल मॉड्यूल, कर्नलला जोडला जाणारा कोडचा तुकडा. लिनक्स कर्नल साध्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द पाळतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बांधलेला प्रोग्रॅम आजच्या कर्नलवरही सहसा चालतो, कारण सिस्टिम कॉल (प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतात ते मार्ग) मोडायचे नाहीत हा तिथला कडक दंडक आहे. कर्नलच्या पोटात मात्र असा कोणताही शब्द दिलेला नाही. आतल्या फंक्शनचं नाव बदलेल, त्याला एक आर्ग्युमेंट जास्त लागेल, एखादं स्ट्रक्चर नाहीसंच होईल. हा हलगर्जीपणा नाही, ठरवून घेतलेली भूमिका आहे. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ती सविस्तर मांडली आहे. जे मॉड्यूल कर्नलच्या मूळ सोर्समध्ये आहे, ते बदल करणाराच दुरुस्त करून जातो. जे बाहेर आहे, ते मागे राहतं. व्हीएमवेअर वर्कस्टेशनची व्हीएममॉन आणि व्हीएमनेट, व्हर्च्युअलबॉक्सचं व्हीबॉक्सडीआरव्ही आणि त्याची नेटवर्कची भावंडं ही सगळी बाहेरची मंडळी आहेत. कर्नलची आवृत्ती बदलली की ती पुन्हा बांधावी लागतात, आणि कधीकधी ती बांधलीच जात नाहीत.

दुसरं जीलिबसी, म्हणजे सी भाषेची मूळ लायब्ररी. तिच्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

तिसरं म्हणजे फाइल कुठे असतात आणि सेवा कशा सुरू होतात. जुने इन्स्टॉलर इनिट-डी फोल्डर आणि शून्य ते सहा रनलेव्हलची फोल्डरं आहेतच असं धरून चालतात. आर्चमध्ये ती नसतात, स्लॅकवेअरमध्ये मांडणी निराळी असते. यात फार काळजी करण्यासारखं काही नाही. रिकामी फोल्डरं बनवा, इन्स्टॉलरला त्याचं काम करू द्या आणि सेवेसाठी दहा ओळींचं सिस्टिमडी युनिट हाताने लिहा. एकदा लिहिलेलं युनिट वर्षानुवर्षं चालतं.

मॉड्यूल बिल्ड होत नाही. सुरुवात कुठून करू?

हेडरपासून, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइलपासून. चालू कर्नलची आवृत्ती आणि हेडर पॅकेजची आवृत्ती समोरासमोर ठेवा आणि शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. ६.१.० नंतरच्या डॅशपुढचा अंक वेगळा असला तरी ते हेडर तुमच्या कामाचे नाहीत.

इथे स्वतःचा एक अनुभव सांगतो. एका दूरच्या सर्व्हरवर यादीबाहेरची डिस्ट्रो होती आणि बाहेरच्या मॉड्यूलवर चालणारे चार गेस्ट होते. आपोआप अपडेट चालू होते. रात्री कर्नल बदलला, पहाटे ठरलेल्या वेळी रीबूट झाला, आणि सकाळी चारही गेस्ट बंद. डीकेएमएस बसवलेलं होतं, म्हणजे कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधलं जायला हवं होतं. लॉग उघडला तर एकच ओळ: नव्या कर्नलचे हेडर सापडले नाहीत. हेडर तर मी स्वतः बसवले होते. पण बसवताना चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचं पॅकेज घेतलं होतं, आणि ते पॅकेज त्याच आवृत्तीला चिकटून राहिलं. नव्या कर्नलमागे आपणहून येणारं हेडरचं मेटापॅकेज वेगळं असतं. डेबियनवर त्याच्या नावात आवृत्ती नसते, फक्त आर्किटेक्चर असतं. ते एक पॅकेज बसवलं असतं तर ती सकाळ तशी उगवली नसती. म्हणून आज कोणताही सर्व्हर हाती आला की मी सर्वात आधी हे मेटापॅकेज आहे का ते पाहतो.

हेडर बरोबर असूनही बिल्ड पडत असेल तर कंपायलर बघा. कर्नल ज्या कंपायलरने बांधला त्याच्याच जवळच्या आवृत्तीने मॉड्यूल बांधावं. काही डिस्ट्रो कर्नल जीसीसीऐवजी क्लँगने बांधतात, तिथे मेकला ते सांगावं लागतं. हेही ठीक असेल आणि तरी एखादं फंक्शन सापडत नाही अशी तक्रार येत असेल, तर तुमचा कर्नल मॉड्यूलच्या पुढे गेलाय. अशा वेळी पॅच शोधण्याआधी जुन्या कर्नलवर बूट करा, गेस्ट सुरू करा, मग शांतपणे शोधा. गेस्ट बंद असताना घाईने लावलेला पॅच नीट वाचलाच जात नाही, आणि तो कर्नलच्या आत चालणारा कोड असतो.

बिल्ड झालं, पण मॉड्यूल लोड होत नाही.

किल्ली नाकारली किंवा किल्ली उपलब्ध नाही असा संदेश येत असेल तर सिक्युअर बूट (सही नसलेला कोड रोखणारी सोय) चालू आहे आणि तुमच्या मॉड्यूलवर सही नाही. उपाय सरळ आहे: स्वतःची किल्ली तयार करायची, तिने मॉड्यूलवर सही करायची आणि मोकयुटिल या कमांडने ती किल्ली नोंदवायची. एक गोष्ट मात्र आधी ध्यानात घ्या. नोंदणीचा शेवटचा टप्पा रीबूटनंतर, लिनक्स सुरू होण्याआधी एका निळ्या पडद्यावर होतो, आणि तिथे कुणीतरी कीबोर्डवर पासवर्ड टाकावा लागतो. तो पडदा थोडा वेळच थांबतो. सर्व्हर दूर असेल आणि रिमोट कन्सोल नसेल, तर हा टप्पा पार पडणार नाही. कन्सोलची सोय आधी, किल्ली नंतर.

मॉड्यूलचा फॉरमॅट चुकीचा आहे असा संदेश आला तर ते दुसऱ्या कर्नलसाठी बांधलेलं आहे. मॉडइन्फो कमांड व्हरमॅजिक नावाची ओळ दाखवते, ती चालू कर्नलशी ताडून बघा.

तिसरा प्रकार तुलनेने नवा आहे आणि त्याने अनेकांना कोड्यात टाकलं. व्हर्च्युअलबॉक्सचं मॉड्यूल लोड होतं, पण गेस्ट सुरू करताच प्रोसेसर आधीच व्हीएमएक्स रूट मोडमध्ये आहे अशी तक्रार येते. ६.१२ च्या आधीच्या कर्नलमध्ये केव्हीएम (कर्नलमधलंच व्हर्च्युअलायझेशन मॉड्यूल) प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सुविधा पहिला गेस्ट सुरू होताना ताब्यात घेत असे. ६.१२ पासून केव्हीएम मॉड्यूल लोड होतानाच ती ताब्यात घेतं, आणि बहुतेक डिस्ट्रोंवर ते बूटलाच लोड होतं. मग व्हर्च्युअलबॉक्सच्या वाट्याला काही उरत नाही. केव्हीएमची मॉड्यूल उतरवा, किंवा बूटच्या ओळीत केव्हीएमचं एनेबल-व्हर्ट-ॲट-लोड हे पॅरामीटर शून्य करा. यादीबाहेरच्या डिस्ट्रोवर, विशेषतः नवा कर्नल लवकर देणाऱ्या डिस्ट्रोवर, असे धक्के इतरांच्या आधी बसतात.

इन्स्टॉलर म्हणतो डिस्ट्रो ओळखीची नाही. ओएस-रिलीज फाइल बदलून दुसरं नाव सांगू का?

इन्स्टॉलर चालेल तेवढ्या दोन मिनिटांसाठी, हवं तर. कायमचं नको. ती फाइल फक्त तो इन्स्टॉलर वाचत नाही. रिपॉझिटरी जोडणाऱ्या स्क्रिप्ट, बॅकअपचे एजंट, कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची साधनं सगळी तिच्यावर विसंबतात. उद्या त्यातलं एखादं दुसऱ्याच डिस्ट्रोची पॅकेजं तुमच्या सर्व्हरवर आणून ओतेल. शिवाय डिस्ट्रोच्या पुढच्या अपडेटमध्ये ती फाइल पुन्हा मूळ रूपात येते आणि इन्स्टॉलर परत अडतो.

त्याऐवजी इन्स्टॉलर स्क्रिप्ट उघडून वाचा. बहुतेकदा ती शेल किंवा पर्लची साधी फाइल असते, आणि डिस्ट्रो तपासणारा भाग थोडक्या ओळींचा असतो. ती तपासणी कशासाठी आहे हे कळलं की अर्धं काम झालं. कधी ती फक्त पॅकेज मॅनेजर कोणता हे ठरवत असते. कधी मात्र तिच्यामागे खरं कारण असतं, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणारं काहीतरी तुमच्याकडे नसतं. दोन्हींत फरक करता आला पाहिजे.

आरपीएमचं डेब करून बसवलं तर?

एलियन या साधनाने आरपीएम (रेड हॅटच्या कुळाचं पॅकेज) फुटून त्यातल्या फाइल डेबमध्ये (डेबियनच्या कुळाच्या पॅकेजात) जातात हे खरं. पण पॅकेज म्हणजे नुसत्या फाइल नव्हेत. अवलंबित्वं तशीच्या तशी येत नाहीत, आणि इन्स्टॉलच्या स्क्रिप्ट दुसऱ्या घराच्या सवयींनी लिहिलेल्या असतात. एखाद्या छोट्या साधनासाठी ठीक आहे. हायपरव्हायझरसाठी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, मी करणार नाही.

जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही असं येतं. नवी जीलिबसी टाकू का?

कृपा करून नको. सर्व्हरवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम, अगदी फाइल कॉपी करणारी कमांडसुद्धा, त्या लायब्ररीवर उभा असतो. ती हाताने बदलताना अर्ध्यावर काही चुकलं तर एकही कमांड चालत नाही, आणि चुकलेलं दुरुस्त करायलाही कमांडच लागते.

ही अडचण एकाच दिशेने येते हे समजून घ्या. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो, नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेलच असं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ आवृत्तीत तर थ्रेडची लायब्ररी मूळ लायब्ररीत विलीन झाली, आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवा आवृत्तीक्रमांक मिळाला. म्हणून २.३४ किंवा पुढच्या आवृत्तीवर बांधलेला चार ओळींचा प्रोग्रॅमही जुन्या डिस्ट्रोवर सुरू होत नाही. तुमची डिस्ट्रो जुनी असेल तर सॉफ्टवेअरची त्या काळातली आवृत्ती घ्या, सोर्स उपलब्ध असेल तर तिथेच बांधून घ्या, नाहीतर डिस्ट्रो वर न्या.

अल्पाइनचं प्रकरण वेगळं. तिथे जीलिबसी नाहीच, मसल नावाची दुसरी लायब्ररी आहे. बंद सोर्सचं, तयार बांधलेलं हायपरव्हायझर तिथे बसवण्याच्या नादी लागू नका. अल्पाइनच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत क्यूईएमयू (गेस्ट चालवणारा प्रोग्रॅम) आणि लिबव्हर्ट (गेस्ट सांभाळणारं साधन) आहेत, ते वापरा.

सगळं कंटेनरमध्ये घातलं तर डिस्ट्रोचा प्रश्नच मिटेल ना?

जीलिबसीचा मिटेल. कर्नलचा नाही, कारण कंटेनर (आपल्या लायब्ररींसह बंदिस्त केलेला प्रोग्रॅम) होस्टचाच, म्हणजे मूळ यंत्राचाच, कर्नल वापरतो. बाहेरचं मॉड्यूल होस्टवरच बांधावं लागेल.

मग तुम्ही काय सुचवाल?

केव्हीएम. यादीबाहेरच्या डिस्ट्रोवर दुसरं काही सुचवायला माझा हात धजत नाही, आणि कारण वर येऊन गेलंय. केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये, २.६.२० कर्नलसोबत, मूळ सोर्समध्ये आलं. तेव्हापासून कर्नलच्या आत काहीही बदललं की बदलणारा केव्हीएमही जुळवूनच पुढे जातो. वेगळं बांधायला काही नाही, सही करायला काही नाही. डिस्ट्रोचा कर्नल चालतो म्हणजे त्यातलं केव्हीएम चालतं. वरचा भाग म्हणजे क्यूईएमयू आणि लिबव्हर्ट. तो साधा प्रोग्रॅम आहे आणि जवळपास प्रत्येक डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीत मिळतो. कोणत्याही कंपनीच्या यादीत नसलेली डिस्ट्रो इथे स्वतःच सपोर्ट देणारी होते, कारण पॅकेज तिचंच असतं.

बसवण्याआधी दोन गोष्टी पाहा. प्रोसेसरच्या फ्लॅगमध्ये इंटेलसाठी व्हीएमएक्स किंवा एएमडीसाठी एसव्हीएम दिसतो का, आणि डेव्ह फोल्डरमध्ये केव्हीएम नावाची फाइल आहे का. फ्लॅग आहे पण फाइल नाही, असं असेल तर बायोसमध्ये ही सुविधा बंद असण्याची शक्यता सर्वात जास्त.

प्रॉक्समॉक्स उबुंटूवर बसेल का? शेवटी उबुंटू डेबियनमधूनच आलंय.

नको. प्रॉक्समॉक्स म्हणजे वेबपानावरून गेस्ट सांभाळणारा तयार संच. त्याचं व्हीई ८ डेबियन १२ वर आणि व्हीई ९ डेबियन १३ वर उभं आहे, आणि त्याची पॅकेजं त्या त्या डेबियनच्या लायब्ररींच्या आवृत्त्यांना बांधलेली आहेत. गंमत अशी की त्याचा कर्नल उबुंटूच्याच कर्नलवरून घेतलेला आहे, त्यामुळे लोकांना वाटतं की जमेल. पण प्रॉक्समॉक्स स्वतःचं क्यूईएमयू आणतं, नेटवर्क जुन्या इंटरफेसेस फाइलमधून चालवतं, आणि उबुंटू सर्व्हर नेटप्लॅन या वेगळ्या साधनावर चालतो. एकमेकांच्या पायात पाय अडकतात. दोन दिवस खपून उभं केलं तरी पहिल्या मोठ्या अपडेटला पॅकेज मॅनेजर कशाला ठेवू आणि कशाला काढू या पेचात पडतो.

साध्या डेबियनवर मात्र प्रॉक्समॉक्स बसवता येतं, ती अधिकृत वाट आहे. तिथे एक खड्डा ठरलेला आहे. डेबियनचा इन्स्टॉलर अनेकदा होस्ट्स फाइलमध्ये यंत्राचं नाव १२७.०.१.१ या पत्त्याला जोडतो. प्रॉक्समॉक्सला ते नाव खऱ्या नेटवर्क पत्त्याला जोडलेलं हवं असतं. नसेल तर त्याची क्लस्टर सेवा सुरू होत नाही, ईटीसीतलं पीव्हीई फोल्डर रिकामं दिसतं आणि ८००६ पोर्टवरचं पान उघडत नाही. तिन्ही लक्षणं भयंकर वाटतात, आणि दुरुस्ती एका ओळीची आहे. पॅकेजं बसवण्याआधीच ती ओळ बदला.

आमच्याकडे जुना व्हीएमवेअर सर्व्हर अजून चालतोय. नव्या डिस्ट्रोवर हलवता येईल का?

सॉफ्टवेअर हलवू नका, गेस्ट हलवा. व्हीएमवेअर सर्व्हर २००६ मध्ये मोफत आला, त्याची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये, आणि ३० जून २०११ ला त्याचा सपोर्ट संपला. त्याची मॉड्यूल आजच्या कर्नलवर बांधण्याच्या खटपटीत आठवडा घालवून जे हाती येईल, त्याला सुरक्षेचा एकही अपडेट मिळणार नाही.

गेस्टची डिस्क मात्र तुमची आहे आणि ती कुठेही जाते. गेस्ट आतून नीट शटडाउन करा, सस्पेंड नको. स्नॅपशॉट असतील तर आधी ते एकत्र करा, नाहीतर शेवटचे बदल वेगळ्याच फाइलमध्ये राहतील. मग क्यूईएमयू-आयएमजी कमांडने व्हीएमवेअरच्या व्हीएमडीके डिस्क फाइलची क्यूईएमयूची क्यूकाऊ२ फाइल करा. मूळ फाइल हलवू नका, प्रत घ्या.

विंडोज गेस्ट असेल तर डिस्कचा कंट्रोलर लगेच व्हर्टआयओ (गेस्टसाठीच बनवलेला आभासी प्रकार) करू नका. आत ड्रायव्हर नसताना विंडोजला बूट डिस्क दिसत नाही आणि निळा पडदा येतो. आधी आयडीई किंवा साटा ठेवून बूट करा. मग व्हर्टआयओची एक छोटी रिकामी डिस्क जोडा, ड्रायव्हर बसू द्या, आणि त्यानंतरच मुख्य डिस्क बदला. नेटवर्क कार्डही नवं दिसेल, त्यामुळे स्थिर आयपी पत्ता पुन्हा टाकावा लागेल. जुना पत्ता कागदावर लिहून ठेवा.

गेस्ट चालू आहेत, पण ब्रिजवरून (गेस्टना नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचवरून) बाहेर पोहोचत नाहीत.

त्याच होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) आहे का? असेल तर आधी तिकडे बघा. डॉकर फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीचं धोरण ड्रॉप (पाकिटं टाकून देणं) करून ठेवतो आणि ब्रिजवरची फ्रेमसुद्धा फायरवॉलमधून जावी असं सेटिंग चालू करतो. परिणामी तुमच्या गेस्टची पाकिटं ब्रिजवरच गळतात. गेस्टमधून शेजारचं यंत्र दिसत नाही, होस्ट मात्र दिसतो, हे त्याचं ठळक लक्षण. डॉकर-युजर साखळीत तुमच्या ब्रिजला परवानगी द्या.

रूट असूनही डिस्क इमेज उघडताना परवानगी नाकारली जाते.

गेस्ट रूट म्हणून चालत नाही. रेड हॅटच्या कुळात तो क्यूईएमयू या युजरने चालतो, डेबियनच्या कुळात लिबव्हर्ट-क्यूईएमयू या युजरने. इमेज होम फोल्डरमध्ये असेल तर त्या युजरला तिथवर जाताच येत नाही. शिवाय एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर यांपैकी एक पहारेकरी उभा असतो. एसईलिनक्सवर वेगळ्या फोल्डरला इमेजचं योग्य लेबल कायमस्वरूपी द्या. पहारा बंद करू नका. एक गेस्ट फोडून बाहेर आलेला कोड दुसऱ्या गेस्टच्या डिस्कपर्यंत पोहोचू नये म्हणूनच तो तिथे आहे.

दोन होस्ट, दोन वेगळ्या डिस्ट्रो. चालू गेस्ट इकडून तिकडे नेता येईल का?

चालू अवस्थेत नेण्याचा भरवसा धरू नका. दोन्हीकडे क्यूईएमयूच असलं तरी प्रत्येक डिस्ट्रो मशीन टाइपला (गेस्टला दिसणाऱ्या आभासी यंत्राच्या प्रकाराला) आपापलं नाव देते. मूळ क्यूईएमयूमध्ये पीसी-क्यू३५ पुढे आवृत्ती असते. रेड हॅट तिथे रेल असा स्वतःचा शिक्का घालतं, उबुंटू आपल्या रिलीजचं नाव घालतं. समोरच्या होस्टला तो टाइप माहीत नसेल तर तो गेस्ट घेत नाही.

बंद करून मात्र व्यवस्थित नेता येतं. गेस्टची एक्सएमएल (त्याच्या मांडणीची फाइल) काढा आणि तिच्यातल्या तीन ओळी बदला. पहिली मशीन टाइपची. दुसरी एम्युलेटरच्या पाथची, कारण रेड हॅटवर क्यूईएमयूचा प्रोग्रॅम लिबएक्झेक फोल्डरमध्ये असतो, डेबियनवर बिन फोल्डरमध्ये. तिसरी यूईएफआय फर्मवेअरच्या फाइलची, ती जागाही दोन्हीकडे वेगळी. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ कडे नेत असाल तर चौथी गोष्ट स्पाइस डिस्प्ले, तो तिथून काढून टाकला आहे, व्हीएनसी करा.

अपडेटनेच घोळ होतो, तर कर्नल अपडेट बंदच ठेवू का?

मोह होतो, मला समजतं. पण हायपरव्हायझर हीच तर ती भिंत आहे जिच्यावर सगळ्या गेस्टची सुरक्षा टेकलेली असते. मे २०१५ मध्ये व्हेनम नावाचं भगदाड उघडकीस आलं. ते क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये २००४ पासून होतं. कुणी फ्लॉपी वापरत नव्हतं, तरी गेस्टमधून होस्टपर्यंत पोहोचण्याची वाट तिथे होती. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर आले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एल१ टर्मिनल फॉल्ट. यांतल्या बऱ्याच दुरुस्त्या कर्नलमधूनच आल्या. अपडेट गोठवलेला होस्ट या सगळ्यांना दार उघडं ठेवतो.

बंद करायचं ते आपोआप होणं. कर्नलचं पॅकेज होल्डवर ठेवा, महिन्याचा एक दिवस ठरवा, आणि त्या दिवशी स्वतःच्या हाताने अपडेट करा. नवा कर्नल बसल्यावर रीबूटच्या आधी डीकेएमएसची स्थिती बघा: नव्या कर्नलपुढे मॉड्यूल इन्स्टॉल झालं असं लिहिलेलं हवं. तसं नसेल तर रीबूट करू नका, जुना कर्नल चालू आहे तोवर गेस्टही चालू आहेत. ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) किमान एक जुना, चाललेला कर्नल कायम ठेवा. जमलं तर त्याच डिस्ट्रोचं एक टाकाऊ यंत्र बाजूला ठेवून त्याच्यावर आदल्या दिवशी अपडेट करा. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (गेस्टच्या आत गेस्ट) चालू असेल तर हे यंत्र गेस्टसुद्धा असू शकतं.

रोलिंग रिलीज (सतत अपडेट होत राहणारी डिस्ट्रो) होस्ट म्हणून चालेल?

केव्हीएमसह, आणि दर अपडेटनंतर रीबूट करायची तयारी असेल तर. आर्चवर नवा कर्नल बसताच जुन्याची मॉड्यूल डिस्कवरून जातात. रीबूट केला नाही तर चालू कर्नलला जे मॉड्यूल आधी लोड झालेलं नाही ते पुढे मिळतच नाही. मग आठवड्याने नवा गेस्ट सुरू करताना टॅप इंटरफेस (गेस्टची आभासी नेटवर्क जोडणी) बनत नाही आणि कारण लवकर सुचत नाही. दीर्घ सपोर्टचा एलटीएस कर्नल घेतलात तर आवृत्तीच्या मोठ्या उड्या तरी टळतात.

आमची डिस्ट्रो यादीत होती. आता नाही. आम्ही काही बदललंच नाही.

सेंटॉस ८ (रेड हॅटच्या कुळातली मोफत डिस्ट्रो) वाल्यांचं असंच झालं. २०२९ पर्यंत चालेल असं धरून लोकांनी होस्ट उभे केले, डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ३१ डिसेंबर २०२१ ला ती संपणार. सेंटॉस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. अशा वेळी होस्ट तसाच चालत राहतो, म्हणून निर्णय पुढे ढकलला जातो. ढकलू नका. अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्ससारख्या त्याच कुळातल्या डिस्ट्रोवर जाणं सर्वात कमी त्रासाचं, कारण मशीन टाइप आणि पाथ बरेचसे तेच राहतात. आठवरून त्याच आठवर जायला जागच्या जागी बदल करणाऱ्या स्क्रिप्टही आहेत. गेस्ट महत्त्वाचे असतील तर मी तरीही नवा होस्ट शेजारी उभा करून एकेक गेस्ट हलवेन.

अडलो तर मदत कुणाकडे मागायची?

तोच बिघाड सपोर्टेड डिस्ट्रोवर घडवून दाखवता आला तर बनवणाऱ्यांकडे. ती तयारी ठेवा, एखाद्या गेस्टमध्ये यादीतली डिस्ट्रो बसवून ठेवलेली असावी. घडत नसेल तर प्रश्न तुमच्या डिस्ट्रोच्या पॅकेज सांभाळणाऱ्यांचा आहे. कर्नलवाल्यांकडे जाताना बाहेरचं मॉड्यूल लोड नसलेल्या अवस्थेतला लॉग द्या. असं मॉड्यूल लोड झालं की कर्नल स्वतःवर टेंटेड असा शिक्का मारतो, आणि तो शिक्का दिसला की पहिली सूचना ते काढून पुन्हा बघा हीच येते.

बॅकअपमध्ये काय काय घ्यायचं?

डिस्क इमेज सगळेच घेतात. गेस्टची एक्सएमएल विसरते, आणि तिच्याविना मॅक पत्ता, कंट्रोलरचा प्रकार, डिस्कचा क्रम सगळं आठवून लिहावं लागतं. यूईएफआयच्या गेस्टची एनव्हीरॅम (फर्मवेअरची सेटिंगं ठेवणारी) फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये असते, तीही घ्या. आणि विंडोज ११ साठी आभासी टीपीएम (किल्ल्या जपणारी चिप) दिला असेल तर लिबव्हर्टच्या फोल्डरमधलं एसडब्ल्यूटीपीएम हे उपफोल्डर घ्या. ते राहिलं आणि आत बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर दुसऱ्या होस्टवर तो गेस्ट बूट होताना अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागतो. ती की कुठे ठेवली आहे हे आजच शोधून ठेवा, आणि तिची प्रत त्याच गेस्टच्या आत ठेवू नका.